तेवीस चौरस मीटर

वालपाराइसोच्या चढावर, रुळांवरून वर सरकणारा डबा
जिथे शेवटचा धक्का देऊन थांबतो,
तिथे आमची कचेरी: वास्तुरचनाकार नऊ, टेबलं नऊ,
आणि बंदराकडे उघडणाऱ्या सगळ्यात चांगल्या खिडकीशी
पुस्तकं.

मी इथला हिशेबनीस. मला सरळ रेघ येत नाही.
ती खोली मी भाड्यानं मोजली.
तेवीस चौरस मीटर, चार टेबलं सहज बसतील,
वर्षाकाठी इतका तोटा.
कागद एलियानाबाईंपुढे ठेवला.
त्यांनी वाचला, घडी घातली
आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून सारला.

मंगळवारी जेवणानंतर तासभर सगळ्यांनी वाचायचं,
पण चालू कामाचं नाही.
दवाखान्याचा नकाशा अडलाय? मिठागरांबद्दल वाच.
इस्मेनिया नावाची नवी पोरगी
महिनाभर मधमाश्यांवरचा जाडजूड ग्रंथ घेऊन बसली.
पगार मी काढत होतो.

गुरुवारी नोल्बेर्तो यायचा. सुतार, सत्तरीचा.
दाराशी टोपी काढायचा,
ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचा,
एका पानाला एक कॉफी गार.
एकदा बोट थांबलं. म्हणाला, "हे खोटं आहे."
जिन्यांवरचं पुस्तक, परदेशी, महागडं.
पायरीची उंची सतरा सेंटिमीटर, तक्त्यात, ठळक.
"सतरा! गॅसची टाकी पाठीवर घेऊन
हा बाबा आमची टेकडी चढलाय का कधी?"
मला वाटलं, बाई हसतील.
त्यांनी पेन्सिल दिली.
त्यानं समासात लिहिलं, शाळकरी गोल अक्षरात:
पंधरा. गुडघ्यांना विचारा.
खाली तारीख.

मग ऑगस्टात, पहाटे चारला, जमीन हलली.
फार नाही. इतक्याला इथे कोणी अंथरूणही सोडत नाही.
पण सकाळी दार उघडलं तर फरशी दिसेना.
पुस्तकं उताणी, पालथी, तोंडघशी,
एक तर सिंकमध्ये.
बाकीचे गावभर भिंतींच्या भेगा बघायला गेलेले,
आणि मोजणं हे माझं काम.

एकशे सात पडली होती.
उरलेली फळीवर खांद्याला खांदा लावून उभी,
जणू रात्री काही झालंच नाही.
हीच का, ती का नाही, दुपारपर्यंत कळेना.
उंची बघितली, वजन बघितलं, फळीचा कल बघितला.
मग उभ्यातलं एक ओढलं. निघता निघेना.
आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
पडलेली मात्र कण्यात ढिली, कोपऱ्यांना मळकी,
घाईत परत ठेवताना बोटभर पुढे राहिलेली.
म्हणजे वाचलेली पडली,
आणि न वाचलेली वाचली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मिठागरांच्या पुस्तकात माझा कागद सापडला,
पान एकशे बारा, घडी तशीच.

सिंकमधलं होतं ते जिन्यांचं.
खिडकीत धरून एकेक पान सुटं करत होतो.
समास फुगला होता, पेन्सिल टिकली होती.
तिच्याखाली इतरांच्या अक्षरात आणखी काही:
आईच्या घरी मोजलं, बरोबर आहे. इस्मेनिया.
आणि मला बार्रियेंतोसबाईंच्या जिन्याचं बिल आठवलं.
पंधरा पायऱ्या ठरल्या होत्या, झाल्या सतरा.
मी लाल शाईनं गोल करून विचारलं होतं, कारण?
कुणी उत्तर दिलं नव्हतं.
कारण ओलं होतं. माझ्या बोटांना लागत होतं.

तेवीस चौरस मीटर वहीत तोट्यातच आहेत,
तिथे मी काही बदलणार नाही.
फक्त फळ्यांना आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या.
नोल्बेर्तोचं बिल आलं:
पट्टी अकरा मीटर, खिळे,
एक मजुरी.
आणि खाली त्याच गोल अक्षरात,
मधे मधे बसून वाचलं, तेवढा वेळ वजा केला आहे.